एक्सरे नॉर्मल, तरी बाबांना पूर्ण श्वास का घेता येत नाहीये?

डॉक्टर मावशी, नमस्कार. आम्ही सहकारनगरला राहतो. माझे बाबा ६७ वर्षांचे, रोज पहाटे पर्वती चढून येणारा माणूस. मागच्या शुक्रवारी मार्केट यार्डातून भाजी घेऊन येताना स्पीडब्रेकरवर त्यांची अ‍ॅक्टिव्हा घसरली आणि हँडल डावीकडे छातीत बसलं. हेल्मेट होतं, डोक्याला काही नाही. जवळच्या दवाखान्यात एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, पेनकिलर घ्या आणि आराम करा. आज चौथा दिवस, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. खोकला आला की डोळ्यांत पाणी येतं म्हणून ते खोकतच नाहीत, दाबून धरतात. रात्रभर खुर्चीत बसून असतात. आत्याने आंबेहळदीचा लेप लावून वरून रुंद पट्टा घट्ट बांधलाय, त्याने बरं वाटतं म्हणतात. गोळ्या मात्र घेत नाहीत, किडन्या जातात म्हणे, आणि वर ‘एवढं सहन होतं मला’. बीपीची गोळी चालू आहे आणि रक्त पातळ ठेवायची एक. काल संध्याकाळपासून अंग जरा गरम लागतंय. एक्सरे नॉर्मल असताना एवढा त्रास कसा? सीटी करायला हवं का, की मी उगाच घाबरतेय?
तुमची एक वाचक

अगं, उगाच नाही घाबरलीस. तुझं पत्र वाचलं तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते आणि मी आधी तुला दोन ओळींचा मेसेज टाकला की तो पट्टा सोडा आणि सकाळची वाट न बघता आत्ताच बाबांना जिथे सीटी आणि सर्जन दोन्ही आहेत अशा ठिकाणी घेऊन जा. तू गेलीस. मग तुझा मेसेज आला की बोटाला लावल्यावर ऑक्सिजन ९१ निघाला, सीटीत डावीकडची सहावी, सातवी आणि आठवी अशा तीन बरगड्या मोडलेल्या, खाली थोडं रक्त साठलेलं आणि फुफ्फुसाचा तळ मिटलेला. चार दिवस ठेवून घेतलं, छातीत नळी घालावी लागली नाही, आता घरी आलेत. आणि आता घरात नवीन वादावादी, आत्या म्हणते तुटलेल्या हाडाला ना प्लास्टर ना पट्टा मग ते जुळणार कसं, बाबा अजून गोळ्यांना नाही म्हणतात, दादाला पहिल्या डॉक्टरांना जाब विचारायचाय, आणि बाबांच्या शेजारच्या बेडवरच्या मुलाच्या छातीत नळी बघून तुझी झोप उडालीये. म्हणून आता निवांत बसून सगळं लिहिते, तुझ्यासाठी आणि ज्यांच्या घरात असाच मुका मार खाल्लेला कोणीतरी खुर्चीत बसून रात्र काढतोय त्यांच्यासाठी.

मी सत्तावीस वर्षं पुण्यातल्या कॅज्युअल्टीत आणि सर्जरीच्या वॉर्डात काढली आणि ‘मुका मार’ या शब्दाची मला तेव्हापासून भीती वाटते. रक्त नाही, जखम नाही, हाड बाहेर आलेलं नाही, म्हणजे दुखणं मुकं, म्हणजे काही बोलायचं कारण नाही असं आपण धरून चालतो. मांडीला मार बसला तर पाय वर ठेवून बसता येतं, हात मोडला तर गळ्यात अडकवता येतो, छातीला सुट्टी देता येत नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० होतात आणि त्यातल्या प्रत्येक श्वासाला त्या मोडलेल्या बरगड्या उचलल्या जाणार, बाहेर ताणल्या जाणार, परत खाली येणार. मग माणूस काय करतो तर श्वास छोटा करतो, मुद्दाम नाही गं, आपोआप होतं ते. वरच्या वर घेतलेला श्वास फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचत नाही, तिथल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटायला लागतात, कफ खाली साठतो, तो खोकून काढायचा तर खोकणं म्हणजे सुरी खुपसल्यासारखं म्हणून तेही बंद, आणि साठलेल्या कफात जंतू वाढले की न्यूमोनिया. तुझे बाबा चौथ्या दिवशी बरोबर याच रस्त्यावर होते, दुखणं वाढलेलं, अंग गरम, ऑक्सिजन ९१.

सिएटलच्या एका ट्रॉमा सेंटरमधल्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास छापला होता, ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांच्या मोडलेल्या बरगड्यांचा. त्यात दिसलं की मोडलेली प्रत्येक जास्तीची बरगडी न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढवते. तरुण मुलगा दोन बरगड्या मोडून आठवड्यात कामावर जातो आणि त्याच दोन बरगड्या आजोबांना आयसीयूत नेतात, हे मी किती वेळा बघितलंय. म्हणून सहन करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची मला ओरडणाऱ्या तरुणापेक्षा जास्त काळजी वाटते.

आता दादाचं. एक्सरेत मोडलेली बरगडी दिसली नाही ही त्या डॉक्टरांची चूक नाही. साध्या छातीच्या एक्सरेत बरगड्यांची निम्म्यापर्यंत फ्रॅक्चर सुटतात. बरगडी सरळ नसते, पाठीपासून वळत वळत पुढे येते, एकीची सावली दुसरीवर पडते, डावीकडे हृदयाची सावली असते, हाडाला तडा गेला पण ते जागचं हललं नाही तर रेघसुद्धा उमटत नाही, आणि पुढचा कूर्चेचा भाग तर एक्सरेत दिसतच नाही. छातीला लागल्यावर एक्सरे काढतात तो मुख्यतः आत हवा किंवा रक्त साठलंय का ते बघायला, हाड बघायला नाही. आणि रक्त पहिल्या दिवशी नसतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असतं असंही होतं, कधीकधी दोन आठवड्यांपर्यंत, त्यात बाबांची रक्त पातळ ठेवायची गोळी. त्यामुळे पहिल्या दिवसाचा नॉर्मल एक्सरे हा त्या दिवसापुरताच नॉर्मल. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा, की ६७ वय आणि ही गोळी चालू असताना माणसाला घरी सोडलं आणि काय झालं तर परत या हे कुणी सांगितलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं ते. दादाला म्हणावं जाब विचारायला जाऊ नको, सीटीचा रिपोर्ट घेऊन शांतपणे जा आणि त्यांना दाखव, पुढच्या पेशंटच्या वेळी त्यांच्या लक्षात राहील.

मग छातीला लागलं की सगळ्यांनीच सीटी करायचं का? नाही. तिशीतला धडधाकट माणूस, एकाच जागी दुखतंय, ऑक्सिजन ९७-९८, चालताना दम नाही, तर सीटीत एक तडा दिसला काय आणि नाही दिसला काय, उपचार तेच राहतात. पण वय ६५ च्या पुढे, रक्त पातळ करायची गोळी, दोन-तीन ठिकाणी दाबल्यावर दुखणं, दम लागणं, गाडीचा वेग जास्त असणं किंवा उंचावरून पडणं, कारच्या सीटबेल्टचा आडवा वळ छातीवर उमटणं, यातलं काही असेल तर मी सीटी मागेन. छातीच्या मधल्या हाडावर स्टिअरिंग आदळलं असेल तर ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी पण, कारण त्या हाडाच्या लगेच मागे हृदय आहे.

पट्ट्याचं मात्र मला जरा लांबण लावून सांगायचंय.

मी इंटर्न असताना माझे काका नारायण पेठेतल्या आमच्या घरी माळ्यावरून लोणच्याची बरणी काढताना स्टुलावरून पडले. घरातली डॉक्टर मी, कौतुकाने मीच त्यांच्या छातीभोवती क्रेप बँडेज गुंडाळलं, घट्ट, तेव्हा बऱ्याच ठिकाणी तसंच करायचे. काकांना लगेच बरं वाटलं, आत्यासारखंच आमच्या आजीनेही म्हटलं बघा कसा आराम पडला. सहाव्या दिवशी ताप, हिरवा कफ, ओठ निळसर. बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, वाचले. ते बँडेज सोडताना मला आत्ताही दिसतं. पट्ट्याने बरं वाटतं ते खरंच आहे, खोटं नाही सांगत तुझे बाबा, बरं वाटतं कारण पट्टा छाती फुगूच देत नाही. आणि छाती फुगू न देणं हेच तर आपल्याला नकोय. म्हणून छातीला घट्ट पट्टा, बाइंडर, ओढणी, काहीही बांधायचं नाही, पूर्वी बांधायचे ते आता बंद झालंय.

हाड जुळायचं काय, तर आत्याला सांग की बरगडी एकटी नसते, वरची-खालची बरगडी आणि मधले स्नायू तिला दोन्ही बाजूंनी धरून असतात, तोच तिचा पट्टा. साधारण सहा आठवड्यांत जुळते, ठणक मात्र बारा आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकते, त्यात घाबरायचं काही नाही. ऑपरेशन करून बरगड्यांना प्लेट लावतात ते क्वचित, मुख्यतः लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन-दोन ठिकाणी मोडल्या आणि छातीचा तेवढा तुकडा सुटा झाला की. मग बाकीची छाती श्वास घेताना बाहेर येते आणि तो तुकडा आत ओढला जातो, नुसतं बघून कळतं. बाबांचं तसं नाहीये.

आंबेहळदीचा लेप कातडी फुटलेली नसेल तर लावू दे आत्याला, त्याने नुकसान नाही, फक्त दवाखान्यात जायच्या आधी धुऊन काढा, खालचा काळानिळा डाग डॉक्टरांना दिसायला हवा. बिब्बा अजिबात नाही, बिब्ब्याने भाजून फोड आलेल्या छात्या मी बघितल्यात. तेल लावून रगडणं नाही, आणि बरगडी ‘बसवून’ देणाऱ्याकडे तर चुकूनही नेऊ नका, मोडलेल्या बरगडीचं टोक आत ढकललं गेलं तर ते फुफ्फुसाला भोक पाडू शकतं.

आता गोळ्या. बाबांना असं सांगून बघ, की बाबा ही गोळी दुखणं थांबवायला नाही, श्वास घ्यायला आहे. दुखणं सहन करण्यात मोठेपणा असेल पण तुमच्या फुफ्फुसाला ते कळत नाही, त्याला फक्त हवा आली की नाही एवढंच कळतं. गोळी बरोबर चालली आहे की नाही याची माझी परीक्षा एकच, माणूस खोल श्वास घेऊन जोरात खोकू शकतोय का. नसेल तर डोस कमी पडतोय, मग तो कितीही ‘बरंय’ म्हणू दे.

आणि गोळी दुखायला लागल्यावर नाही घ्यायची, घड्याळ लावून घ्यायची. दुखणं एकदा वर चढलं की खाली आणायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणूस उथळ श्वास घेत बसतो. किडनीची भीती त्यांची अगदीच चुकीची नाही, पण ती कुठल्या गोळीला लागू आहे ते वेगळं करून सांगायला हवं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या या वयात, बीपीच्या गोळ्यांबरोबर, किडनीवर आणि पोटावर भारी पडू शकतात, आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची भीती, त्यामुळे त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीतच. पॅरासिटामॉलचं तसं नाही. ६५० ची गोळी दर सहा तासांनी म्हणजे दिवसाला चार, एकूण २.६ ग्रॅम होतात, लिव्हर चांगलं असलेल्या मोठ्या माणसाला ही मात्रा चालते, आणि डिस्चार्ज कार्डावर पण तीच लिहिलीये असं तू कळवलंस. फक्त एक बघ, मेडिकलवाल्याकडून अजून एखादी ‘अंगदुखीची’ गोळी मध्येच कोणी आणू नका, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, सर्दीच्या गोळ्यांतही असतं, आणि मग नकळत दुप्पट होतं.

ट्रॅमाडॉल दिलंय रात्रीसाठी, त्याने गुंगी येते आणि पोट साफ होत नाही. बद्धकोष्ठ ही बरगडीच्या पेशंटची खरी डोकेदुखी आहे, संडासला जोर काढला की छातीत कळ येते, म्हणून पहिल्या दिवसापासून इसबगोल, भरपूर पाणी, पपई, आणि शक्यतो कमोड, उकिडवं बसून उठताना फार दुखतं. रात्री बाथरूमला एकटे जाऊ देऊ नका, गुंगीत परत पडले तर सगळंच मुसळ केरात. रक्त पातळ ठेवायची गोळी कधी परत सुरू करायची ते कार्डावर लिहिलंय का बघ, नसेल तर फोन करून विचार, मनाने बंदही नको आणि मनाने सुरूही नको. आणि खोकला थांबवायचं औषध देऊ नका. खोकला आपल्याला हवाय!

गोळ्यांनी भागत नसेल तर हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ ब्लॉक देतात, पाठीच्या बाजूला स्नायूत सोनोग्राफीवर बघून एक इंजेक्शन किंवा बारीक नळी, त्या बरगड्यांकडे जाणाऱ्या नसाच बधिर होतात. बाबांना दुसऱ्या दिवशी दिला होता ना तोच. त्यानंतर ते पहिल्यांदा आडवे झोपले असं तू लिहिलंस, वाचून मला फार बरं वाटलं.

आता तो तीन बॉलचा प्लॅस्टिकचा डबा, स्पायरोमीटर, जो घरी आणून देवघराच्या शेजारी ठेवलाय असं तू म्हणालीस. तो तिथून उचल आणि बाबांच्या हाताशी ठेव. दहातले निम्मे लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नाहीये, ओढायचंय. आधी श्वास सगळा बाहेर सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, आणि उसाचा रस स्ट्रॉने ओढतो तसा सावकाश आत ओढायचा, बॉल वर गेला की दोन-तीन सेकंद तिथे धरायचा, मग सोडायचा. असं दहा वेळा, जागे असतील तेव्हा दर तासाला. गरगरलं तर थांबायचं. आपल्याकडे मिळतात त्यावर बहुतेक ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, म्हणजे सेकंदाला तेवढे मिलिलिटर, बाबांचा आत्ता पहिला बॉलच वर जातोय तर तेही ठीक, पण तो आकडा रोज वहीत लिहा. आकडा कमी झाला तर ती मला तापाच्याही आधीची खूण वाटते. गोळी घेतल्यावर अर्धा-पाऊण तासाने करायचं म्हणजे दुखणार कमी. आणि दहा झाले की उशी, छोटी, घट्ट, ती मोडलेल्या जागेवर दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि एक चांगला खोकला काढायचा. मोडलेल्या जागेला बाहेरून असा आधार फक्त खोकण्यापुरता, लगेच सोडायचा. कफ आला तर उत्तम, रंग बघा.

आराम म्हणजे पलंगावर पडून राहणं नाही हे आत्याला तुलाच सांगावं लागेल. घरातल्या घरात दर दोन-तीन तासांनी फेऱ्या, जिन्याखाली सोसायटीत एक चक्कर, जेवण टेबलावर बसून. झोपताना पाठीला उशांचा उतार, पूर्ण सपाट नाही. उठवताना हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालून तर मुळीच नाही, प्रेमाने करतात सगळे आणि त्यांचा जीव जातो. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने टेकू देत बसायचं. पाण्याची बादली, सिलिंडर, तांदळाची पिशवी, काही उचलायचं नाही. तंबाखू-सिगारेट कोणाला असेल तर आत्ताच बंद, बाबांना नाहीये ते आपलं नशीब.

शेजारच्या बेडवरच्या मुलाचं सांगते. तू लिहिलंस की तो डिलिव्हरी करायचा, नगर रोडला बाइकवरून पडला, आणि छातीतून नळी बाटलीत सोडलेली आणि बाटलीत बुडबुडे. फुफ्फुस आतून छातीच्या भिंतीला चिकटलेलं असतं, केळीची दोन ओली पानं एकमेकांना चिकटतात ना तसं, मध्ये फक्त ओलाव्याचा पापुद्रा. बरगडीचं टोक लागून फुफ्फुसाला भोक पडलं की हवा त्या दोन पानांच्या मध्ये शिरते, पानं सुटतात आणि फुफ्फुस आकसतं. थोडी हवा असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. जास्त असेल तर नळी, आयसीडी म्हणतात वॉर्डात, तिचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली दोनेक सेंटिमीटर बुडवलेलं असतं, त्यामुळे हवा बाहेर येऊ शकते पण परत आत जाऊ शकत नाही. बुडबुडे म्हणजे हवा निघतेय, चांगलंच आहे ते. फुफ्फुस फुगून भिंतीला लागलं आणि भोक बुजलं की बुडबुडे थांबतात आणि मग नळी काढतात. नातेवाइकांनी एवढंच सांभाळायचं की बाटली कायम छातीच्या खाली राहील, पेशंटला हलवताना बेडवर वर ठेवायची नाही, आणि नळीला गाठ किंवा पीळ पडू द्यायचा नाही. रक्त साठलं तरी हीच नळी, आणि पहिल्याच फटक्यात दीड लिटर रक्त आलं किंवा नंतर दर तासाला २०० मिली येतच राहिलं तर मग छाती उघडायचा विचार करतात. बाबांचं रक्त थोडं होतं, ते शरीर आपोआप शोषून घेतं, म्हणून एक्सरे परत सांगितलाय आठवड्याने. तो चुकवू नका.

हवा एकाच दिशेने आत शिरत राहिली आणि बाहेर पडायला वाटच नसली तर मिनिटांत जीव जातो, फुफ्फुस तर दबतंच पण हृदयही बाजूला ढकललं जातं. माणूस हवेसाठी तडफडतो, मानेच्या शिरा फुगतात, नाडी जोरात आणि मग बारीक, बीपी कोसळतं. इथे एक्सरेची वाट बघायची नसते, डॉक्टर सुई किंवा बोटाने छातीत वाट करून हवा सोडतात आणि मग नळी. रस्त्यावर आपण हे करू शकत नाही, आपण करायचं ते १०८ ला फोन, पाणी पाजायचं नाही, शुद्धीवर असेल आणि बसल्यावर बरं वाटत असेल तर बसू द्यायचं, छातीत सळई-काच काही रुतलं असेल तर उपसायचं नाही, आणि छातीला उघडं भोक असेल तर त्यावर प्लॅस्टिक लावून चहूबाजूंनी घट्ट बंद करायचं नाही, आतली हवा कोंडते. आणि पोलिसांच्या भीतीने लोक नुसते बघत उभे राहतात, तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. हॉस्पिटल आधी पोलिसांचे सोपस्कार करा म्हणून इमर्जन्सी टाळू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या हॉस्पिटलांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना पण आहे, आणि ससून आहेच. त्या मुलाच्या घरच्यांना हे माहिती आहे का एकदा विचार ना. एमएलसी, म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांना कळवलेली अपघाताची नोंद, झाली असेल तर त्याचे कागद जपून ठेवा म्हणावं, तुम्हीही ठेवा, क्लेमला लागतात.

बाबांची डावीकडची आठवी मोडलीये आणि त्याच्या आसपास आत प्लीहा (स्प्लीन, रक्ताने भरलेला नाजूक अवयव) असते, त्यामुळे सीटीत पोट नीट आहे असं लिहिलेलं असलं तरी पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा. डाव्या खांद्याच्या टोकाला काही न लागता कळ येणं, पोट दुखणं किंवा फुगणं, उभं राहिल्यावर अंधारी, घाम फुटून गार पडणं, असं झालं तर रिक्षा शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सी. तसंच ऑक्सिजन ९३ च्या खाली, श्वास मिनिटाला २४ च्या वर, ताप, कफात रक्त किंवा हिरवट-पिवळा कफ, आणि एक खूण जी घरचेच ओळखू शकतात, माणूस नेहमीसारखा बोलत नाही, एक वाक्य दोन श्वासांत तोडून बोलतो किंवा गोंधळल्यासारखा करतो. श्वास मोजायचा तो त्यांना न सांगता, झोपेत, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून.

आणखी एक विचारायचं राहिलं. बाबा स्पीडब्रेकरवर घसरले की आधी क्षणभर डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मग घसरले? या वयात पडण्याचं कारण शोधावं लागतं, बीपीची गोळी जास्त होत असेल, हृदयाचे ठोके चुकत असतील. त्यांना एकटं गाठून विचार, सगळ्यांसमोर ते ‘ब्रेकर दिसला नाही’ हेच म्हणतील. आणि सहा आठवड्यांनी फॉलोअपला व्हिटॅमिन डी आणि हाडांची घनता तपासून घ्या.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या सहा आठवड्यांनंतर, त्याही आधी निम्म्या, थांबत थांबत. त्याआधी तळजाईला सपाटीवर चालू देत. अ‍ॅक्टिव्हा मान मागे वळवून बघताना आणि अचानक ब्रेक दाबताना दुखत नाही तोवर नाही, आणि ट्रॅमाडॉल चालू असताना तर अजिबात नाही, चावी तुझ्याकडे ठेव.

आज रात्री ते झोपले की श्वास मोज आणि उद्या सकाळी स्पायरोमीटरचा पहिला आकडा घे, दोन्ही मला मेसेज कर. आत्याला म्हणावं हळदीचं दूध रोज द्या, त्यांच्या हातचं असलं की बाबा गोळीपण त्याच्याबरोबर घेतील.